टिकाऊ लॅपटॉपची कुळकथा

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या आश्रयाने वसलेल्या कुंभकोणम् नगरात धातूची पारख घराघरांत आढळते. जवळच्या स्वामीमलै गावी चोळकालीन परंपरा सांगणारे स्थपती आजही मेणाच्या प्रतिमेवर मातीचा लेप देऊन पंचधातूच्या मूर्ती ओततात. कुंभकोणमच्या पितळी भांड्यांची, विशेषतः कॉफीचा पेला आणि त्याखालचा रुंद काठाचा डवरा यांची, कीर्ती तर दूरवर गेलेली आहे. पितळेचे भांडे वजनावर विकले जाते. गृहिणी ते हातात तोलून पाहते, बोटाच्या पेराने वाजवून पाहते, काठ निरखते, डाग दिलेली जागा नखाने चाचपते आणि मगच भाव विचारते. तिने धातुशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. पण एक पिढी वापरलेले भांडे तिने पाहिलेले असते.

याच नगराच्या मेलकावेरी भागातले मध्यम मिळकतीचे एखादे कुटुंब महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप घ्यावयास निघते, तेव्हा मात्र ही सारी पारख उंबऱ्याच्या आतच राहते. दुकानातील चिठ्ठीवर प्रोसेसरची पिढी लिहिलेली असते, स्मृतीचे माप लिहिलेले असते, पडद्याचे इंच लिहिलेले असतात. बिजागरी कशात बसविली आहे, कळफलकाच्या खाली आधार कसला आहे, पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागली तर पाठ किती सुलभतेने उघडेल, यांपैकी एक अक्षरही त्या चिठ्ठीवर नसते. वेग मोजून दाखविता येतो. घडण दिसत असूनही मोजली जात नाही. असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर या यंत्राची कुळकथा थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे.

मराठी माणसाला कुंभकोणम् परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले आणि त्याच्या पाठोपाठ कावेरीच्या खोऱ्यात मराठी घराणी स्थायिक झाली. १८५५ साली दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर ते राज्य खालसा झाले, तरी घराणी तेथेच राहिली आणि त्यांची मराठी तमिळच्या शेजारात आपल्या वळणाने वाढत राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणम् येथेच. राज्य गेल्यावर या समाजाचा भार लेखणीवर पडला. कचेरी, शाळा आणि न्यायालय हीच त्याची नवी वतने झाली. अशा समाजात लिहिण्याचे साधन ही चैनीची वस्तू नसते. ते शेतकऱ्याच्या नांगरासारखे असते, आणि नांगर निवडताना ज्या गोष्टी पाहावयाच्या त्याच ते निवडताना पाहाव्या लागतात.

साधन स्वस्त घ्यावे लागले म्हणजे कामावर त्याचा कसा ठसा उमटतो, याचा सर्वांत मोठा दाखला याच गावात आहे. १८८७ साली इरोड येथे जन्मलेले श्रीनिवास रामानुजन वाढले ते कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहान घरात. कागद महाग होता आणि त्यांची भूक तर रिमांनी मोजावी इतकी होती. म्हणून ते दगडी पाटीवर गणित करीत आणि फडके शोधण्यात वेळ न दवडता कोपरानेच ते पुसून टाकीत. पुसून पुसून कोपर काळे पडले होते, असे त्यांना पाहिलेल्या लोकांनी नमूद केले आहे. निळ्या शाईने लिहिलेल्या कागदावर पुन्हा तांबड्या शाईने लिहून एकाच कागदाचा दुहेरी उपयोगही त्यांनी केला. पाटी हे साधन टिकाऊ होते, स्वस्त होते, दुरुस्तीची गरज नसलेले होते. तिच्यात उणीव एकच: तिला स्मरण नव्हते. पाटीवरची सारी वाट पुसली जाई आणि वहीत उतरे ते केवळ मुक्कामाचे ठिकाण. त्या वह्यांतील तीन हजारांहून अधिक सिद्धान्तांपैकी बहुतेकांना सिद्धता जोडलेली नाही. अमेरिकेतील गणिती ब्रूस बर्न्ट यांनी १९७७ च्या सुमारास ती शोधण्याचे काम हाती घेतले, आणि वह्यांचे पाच खंड पुरे होईपर्यंत दोन दशके लोटली. रामानुजनांची लेखनपद्धती घडविणारी इतर कारणेही होती, विशेषतः त्यांनी अभ्यासिलेला कार यांचा ग्रंथ स्वतःच सिद्धता गाळून केवळ निष्कर्ष देणारा होता. तरीसुद्धा कागदाच्या किमतीचा वाटा त्यात होता, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. ज्याला साधन निवडताना खिसा चाचपावा लागतो, त्याची निवड क्षुल्लक मानू नये ती यासाठी.

लॅपटॉपची मूळ कल्पना मुळी विद्यार्थ्यासाठीच होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील ॲलन के यांनी एका निबंधात ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राचे चित्र रेखाटले. ते वहीच्या आकाराचे असावे, मुलाला सहज उचलता यावे आणि त्याची किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असावी, असा त्यांचा विचार होता. कल्पना सुंदर होती. पण ती उतरविण्यास लागणारा पडदा, स्मृती आणि बॅटरी यांपैकी काहीच त्या काळी त्या किमतीत मिळण्यासारखे नव्हते.

प्रत्यक्ष यंत्र आले ते निराळ्याच दाराने. १९८१ चा ऑसबॉर्न संगणक १,७९५ डॉलरला मिळे, परंतु त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते आणि पडदा पाच इंचांचा. त्याला मांडीवर घेणे म्हणजे शिवणयंत्र मांडीवर घेण्यासारखे होते. पुढल्याच वर्षी ‘ग्रिड कंपास’ आला. बिल मॉग्रिज यांनी आखलेल्या या यंत्राचा पडदा बिजागरीवर फिरून कळफलकावर मिटत असे, आणि आज जगातील प्रत्येक लॅपटॉप ज्या रीतीने मिटतो ती रीत येथून सुरू झाली. त्याची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. आत फिरणारी तबकडी नव्हती, म्हणून धक्क्याने बिघडण्याचे एक मोठे कारणच नाहीसे झाले होते. किंमत मात्र ८,१५० डॉलर! ती देणारे गिऱ्हाईक होते अमेरिकेचे लष्कर आणि अंतराळसंस्था. १९८३ साली अंतराळयानातून हे यंत्र पृथ्वीभोवती फिरूनही आले. टिकाऊपणा लॅपटॉपमध्ये प्रथम शिरला तो असा सैनिकाच्या आणि अंतराळवीराच्या गरजेतून. विद्यार्थी त्या वेळी दाराबाहेर उभा होता.

१९९२ च्या ऑक्टोबरात आयबीएम कंपनीने आपला पहिला मोठा ‘थिंकपॅड’ बाजारात आणला. जर्मन रचनाकार रिशार्ड सापर यांनी त्याचे काळे चौकोनी रूप जपानी भोजनाच्या लाकडी डब्यावरून घेतले होते: बाहेरून साधा, उघडल्यावर आत सारे नेटके. त्याचीही किंमत चार हजार डॉलरांच्या वर होती. पण या यंत्रांनी एक गोष्ट रूढ केली. कचेरीसाठी घेतलेला लॅपटॉप रोज आठ तास बडविला जाणार, पिशवीत आदळणार आणि बिघडला तर त्याच दिवशी सुरू करावा लागणार, असे गृहीत धरून तो बांधला जाऊ लागला. आत धातूचा सांगाडा आला, सांडलेले पाणी निघून जाण्यासाठी काही यंत्रांच्या कळफलकाखाली छिद्रे आली, आणि कोणता स्क्रू काढला की कोणता भाग सुटतो हे चित्रांसह सांगणारी दुरुस्तीची पुस्तिका आली. शेवटची गोष्ट पहिल्या दोहोंहून मोलाची होती.

लष्करी वंशाची एक खूण आजच्या जाहिरातींतही उरली आहे. ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ हे अमेरिकन लष्कराचे चाचणीमान प्रथम १९६२ साली निघाले; आज मध्यम किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपांवर त्याचा उल्लेख अभिमानाने छापलेला असतो. त्या मानात उष्णता, दमटपणा, धूळ, कंप, पतन अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती आहेत. कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या आणि किती कठोरपणे घ्यावयाच्या, हे मात्र निर्माताच ठरवितो. प्रमाणपत्र देणारी लष्करी कचेरी कोठेही नाही. ते वाक्य खोटे नसते. ते अपुरे असते, आणि अपुरे वाक्य वाचण्याची सवय कायद्याच्या कचेरीत जितकी उपयोगी तितकीच दुकानातही उपयोगी पडते. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवरील भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचिन्हाविषयीही असाच गैरसमज होतो. ती नोंदणी सुरक्षिततेची आहे. यंत्र किती वर्षे चालेल याविषयी ती काहीच सांगत नाही.

पुढे दोन दशकांत किमती उतरल्या. पण उतरताना प्रथम काय गळून पडले? वेग गळाला नाही, कारण तो चिठ्ठीवर दिसतो. गळाली ती घडण. धातूची जागा पातळ प्लॅस्टिकने घेतली. याचा सर्वांत उघड परिणाम बिजागरीत दिसतो. पडद्याची बिजागरी पोलादी असते. ती ज्या स्क्रूंनी धरलेली असते ते स्क्रू आटे पाडलेल्या लहानशा पितळी नळ्यांत बसतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये रुतविलेल्या असतात. दिवसातून दहा वेळा पडदा उघडला, तोही एका कोपऱ्याला धरून, की प्रत्येक वेळी त्या रुतलेल्या पितळेवर पीळ पडतो. दोन-तीन वर्षांत प्लॅस्टिक फुटते, नळ्या उपटून येतात आणि आतील प्रोसेसर अगदी तरुण असतानाच यंत्र अपंग होते. कुंभकोणमचा भांडी घडविणारा कारागीर हा दोष पाहताच ओळखील. भांड्याचा कान निखळतो तो याच रीतीने, कान मोडल्याने नव्हे तर ज्यात तो बसविला ती जागा कमजोर असल्याने.

अशा वेळी मूळ प्रश्न पुन्हा एकदा विचारला गेला: विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे, स्वस्त आणि तरीही मजबूत यंत्र होऊ शकते काय? २००५ साली निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्याच वर्षी ट्यूनिस येथील परिषदेत दाखविलेल्या नमुन्याला वीज निर्माण करण्यासाठी एक फिरवावयाचा दांडा होता आणि तो दाखविता दाखविताच तुटला, ही हकीकत पुढे पुष्कळ रंगवून सांगितली गेली. परंतु २००७ साली जे यंत्र कारखान्यातून बाहेर पडले ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्याचे प्लॅस्टिक नेहमीच्या १.३ मिलिमीटरऐवजी २ मिलिमीटर जाडीचे होते. कळफलक रबरी आणि अखंड होता, म्हणजे पाणी व धूळ आत जाऊ नये. पंखा नव्हता, फिरणारी तबकडी नव्हती. पडदा भर उन्हात वाचता येई. आणि मुठीच्या पोकळीत जादा स्क्रू ठेवलेले होते! यंत्र उघडले जाईल, स्क्रू हरवतील, हे ज्याने आधीच ओळखले त्याने लहान मुलांचे जग नीट पाहिलेले असले पाहिजे.

या यंत्राची भारतातील पहिली परीक्षा झाली ती महाराष्ट्रात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली वीस-बावीस मुलांच्या हाती ते देण्यात आले. केंद्र सरकारने त्याआधीच, २००६ साली, ही योजना नाकारली होती. यंत्राची किंमतही शंभर डॉलरवर न थांबता १८८ डॉलरच्या घरात गेली, आणि योजनेचा मूळ संकल्प पुढे विरळ होत गेला. तरी त्या प्रयत्नाने एक गोष्ट सिद्ध केली: मजबुतीसाठी मॅग्नेशियमच हवे असे नाही. प्लॅस्टिकची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढविणे, हलणारे भाग काढून टाकणे आणि सुटे स्क्रू देणे, ही काही फार खर्चाची कामे नव्हत.

२०११ च्या शरदऋतूत भारतात या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे वीस दिवसांच्या अंतराने मिळाली, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. ५ ऑक्टोबर रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाची पाटीच्या आकाराची टॅब्लेट प्रकाशित झाली. शासनाला ती सुमारे २,२७६ रुपयांस पडत होती आणि जगातील सर्वांत स्वस्त म्हणून तिचा गौरव झाला. पण तिचा वेग तोकडा, बॅटरी अल्पजीवी आणि पडदा बोट जोराने दाबल्याखेरीज न समजणारा होता. पुढल्याच वर्षी ती बदलून नवी काढावी लागली. तिच्या आधी, १५ सप्टेंबर रोजी, म्हणजे अण्णादुराई यांच्या जयंतीच्या दिवशी, तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. येथे नवे यंत्र शोधण्याचा घाट नव्हता. ‘एल्कॉट’ या राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने निविदा काढल्या आणि बाजारात चालणाऱ्या साधारण लॅपटॉपांचीच मोठी खरेदी केली: चौदा इंचांचा पडदा, दोन जीबी स्मृती, ३२० जीबीची तबकडी. विंडोजच्या जोडीला भारतात सिद्ध झालेली ‘बॉस लिनक्स’ ही मोफत प्रणालीही त्यात होती. त्या वर्षांत तमिळनाडूत वीजकपात तीव्र होती. बॅटरीवर चालणारे यंत्र मुलाच्या हाती असणे याला दिवेलागणीनंतर वेगळाच अर्थ होता. २०२० च्या सुमारास योजना थांबेपर्यंत पन्नास लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले.

या योजनेवर राजकीय टीका पुष्कळ झाली, विकल्या गेलेल्या यंत्रांच्या वार्ताही आल्या. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. निविदेची एक शिकवण मात्र घरगुती गिऱ्हाइकाच्या कामाची आहे. लाखो यंत्रे घेणारा खरेदीदार आधी आपली गरज कागदावर उतरवितो, मग भाव विचारतो. दुकानात बहुधा याच्या उलट घडते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्या राज्याने दोन वर्षांत वीस लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप अथवा टॅब्लेट देण्याची नवी योजना जाहीर केली, तेव्हा लॅपटॉपच्या मागणीपत्रात आठ जीबी स्मृती आणि २५६ जीबीची, न फिरणारी, घन साठवण होती. १९८२ साली लष्कराला हवा असलेला हलणाऱ्या तबकडीवाचूनचा संगणक चाळीस वर्षांनी सरकारी महाविद्यालयातल्या मुलाच्या दप्तरात यावा, याला प्रगती म्हणण्यास हरकत नसावी.

सरकारी योजनेत न बसणाऱ्या मेलकावेरीतल्या कुटुंबापुढे, किंवा सांगलीतल्या अथवा बेळगावातल्या तशाच कुटुंबापुढे, आज साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट नव्या यंत्राची. त्यात अधिक भारी प्रोसेसरसाठी पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे घडणीकडे वळविणे शहाणपणाचे. पडद्याचा कोपरा धरून हलकेच पीळ द्यावा. कळफलकाच्या मधोमध बोट दाबून तो किती खचतो ते पाहावे. एका हाताने पडदा उघडताना बूड उचलले जाते काय, मिटताना बिजागरी कुरकुरते काय, हे पाहावे. स्मृती वाढविण्यास जागा आहे की ती कायमची जोडलेली आहे, हे विचारावे. रामानुजनांच्या नावाचे केंद्र ज्या गावात आहे तेथील गणिताच्या विद्यार्थ्याला काय, किंवा तंजावरच्या मोडी दफ्तराच्या अभ्यासकाला काय, प्रोसेसर सहसा अपुरा पडत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाल्यापासून तर योग्य टंक असला की साधे यंत्रही ती दाखवू शकते.

दुसरी वाट जुन्या कचेरी-लॅपटॉपची. मोठ्या कंपन्या आपली यंत्रे तीन-चार वर्षांनी बदलतात. मूळ किंमत लाखाच्या घरात असलेली, आत धातूचा सांगाडा असलेली ती यंत्रे मग चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये नव्या प्लॅस्टिकच्या यंत्राहूनही कमी भावात येतात. सैनिकापासून अधिकाऱ्यापर्यंत आलेला टिकाऊपणा मध्यम घरात उतरतो तो बहुधा याच जिन्याने. येथे फसगतीला जागा आहे, हे खरे. बॅटरीची मूळ शक्ती आणि उरलेली शक्ती यंत्र स्वतःच सांगते. ती पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. आणखी एक जपणूक अलीकडे आवश्यक झाली आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढची आवृत्ती इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारीत नाही. म्हणजे शरीराने धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका तारखेला कागदोपत्री वृद्ध ठरली! ती घ्यावयाची तर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवावी, नपेक्षा सोडून द्यावीत.

दुरुस्तीचा प्रश्न आता राज्यकर्त्यांच्याही विचारात आला आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त करता येईल याचे गुण दहापैकी लिहावे लागले. भारत सरकारने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद सोडल्यास, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. थिंकपॅडच्या पहिल्या पिढ्यांत ती एक खटका सरकवला की हातात येत असे.